थंडीचेही माप असते

कापडासाठी गज आहे, धान्यासाठी तराजू आहे, दुधासाठी माप आहे. मापात कमी देणाऱ्या दुकानदाराला आपल्या समाजात कोणी भला माणूस म्हणत नाही. कुरआनात तर माप कमी देणाऱ्यांच्या नावानेच एक सूरह आहे. पण थंडीची यंत्रे बनवणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांना 'या यंत्राची थंडी किती?' असे विचारा, 'दीड टन' असे उत्तर येते आणि विचारणाराही तेवढ्यावर समाधान मानतो. हा दीड टन किती अंशांवरचा, हे दोघांनाही ठाऊक नसते. या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे किती कॉम्प्रेसर जळतात, किती माल नासतो आणि किती जुनी नाती तुटतात, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावी असाच एक तंटा जमातीच्या वडीलधाऱ्यांपुढे आला. हिशेब समजावून सांगण्यासाठी आम्हाला बोलावले होते. तक्रार करणारा एक तरुण. दुसऱ्याच्या कारखान्यातील आइसकँडी आणि कुल्फी अनेक वर्षे गाडीवर विकून त्याने चार पैसे गाठीला बांधले होते. उरलेले नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना म्हणून घेतले आणि स्वतःची मिठाच्या पाण्याची टाकी बनवून घेतली. बनवणारा त्याच मोहल्ल्यातला मेकॅनिक, एसीच्या कामात हात बसलेला. त्याने भंगारात निघालेल्या दीड-दीड टनाच्या दोन एसींचे कॉम्प्रेसर बसवले, दोन्हींसाठी पाच सुती तांब्याच्या पाइपाचे एकेक बंडल टाकीत गुंडाळले आणि सांगितले, "तीन टनाची टाकी आहे, तासाला तीस किलो माल आरामात निघेल."

प्रत्यक्षात तासाला बारा-तेरा किलो निघू लागला. एप्रिलात एक कॉम्प्रेसर जळाला, मे महिन्यात दुसरा. हंगाम गेला. मालक म्हणे, मला फसवले. मेकॅनिक म्हणे, मी तीन टनाचे सामान दिले, आता विजेचा दाब कमी असेल तर माझा काय दोष? वडीलधाऱ्यांनी दोघांना एकच प्रश्न केला: काय ठरले होते ते लिहिलेले कोठे आहे? कागद नव्हता. तासाला किती किलो, किती अंशांवर, कोणत्या हवेत, काहीच लिहिलेले नव्हते. शेवटी नुकसान निम्मे-निम्मे वाटून तडजोड झाली. आमचे मत विचाराल तर त्या दोघांपैकी कोणीही लबाड नव्हता. दोघेही बेहिशेबी होते, आणि व्यापारात बेहिशेबीपणाची किंमत लबाडीइतकीच मोजावी लागते.

पहिला हिशेब मालाचा

यंत्र बनवताना सुरुवात कॉम्प्रेसरपासून करायची नसते, मालापासून करायची असते. एक किलो पाणी एक अंशाने थंड करायला एक किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. ते गोठायला ८० किलोकॅलरी लागतात आणि बर्फ आणखी थंड करायला अंशाला अर्धी. आता तीस अंशांचे सरबत घेऊन उणे बारा अंशांची कँडी बनवायची असेल तर शून्यापर्यंत आणायला ३०, गोठवायला ८०, पुढे उणे बारापर्यंत ६, अशा किलोमागे ११६ किलोकॅलरी होतात. साखर आणि दुधामुळे हा आकडा काहीसा कमी भरतो, पण हिशेब पाण्याचाच धरावा. थोडी शिल्लक राहिलेली बरी.

तासाला तीस किलो म्हणजे ३,४८० किलोकॅलरी. याखेरीज टाकीच्या भिंतींतून उष्णता आत येते, वरचे झाकण दर थोड्या वेळाने उघडते, स्टीलचे साचे गरम येतात आणि मिठाचे पाणी फिरवणाऱ्या पंख्याची मोटर जेवढी वीज खाते तेवढी उष्णता पाण्यातच सोडते. या सर्वांसाठी चौथा हिस्सा वाढवला की तासाला सुमारे ४,३५० किलोकॅलरी होतात. एक टन म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी. म्हणजे आपली गरज जवळजवळ दीड टनाची.

येथेच पुष्कळांची गल्लत होते. दीड टन हवा, मग दीड टनाच्या एसीचा कॉम्प्रेसर चालेल असे वाटते. त्या मेकॅनिकने तर दुप्पट दिला होता. तरी निम्माही माल का निघाला नाही?

छापलेला टन कोणत्या अंशांवरचा?

टन हा शब्द बर्फाच्या व्यापारातून आला. चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ करण्याइतकी थंडी म्हणजे एक टन. पण कॉम्प्रेसरवर छापलेला टन त्याच्या कामाच्या ठरावीक तापमानाचा असतो. एसीचा कॉम्प्रेसर मोजला जातो तो कॉइलमध्ये गॅस सुमारे अधिक सात अंशांवर उकळत असताना. आपल्या टाकीत मिठाचे पाणी उणे अठराला ठेवायचे, तर गॅस त्याच्याही खाली, उणे पंचवीसला उकळला पाहिजे.

मेकॅनिक बांधवांनी हे गेजवर पाहिलेलेच आहे. आर-२२ गॅसवर एसी चालू असताना सक्शनचा काटा सत्तर पौंडांच्या आसपास असतो. उणे पंचवीसला तोच काटा चौदा-पंधरा पौंडांवर येतो. दाब उतरला म्हणजे गॅस विरळ झाला. अधिक सात अंशांवर एक घनमीटर आर-२२ वाफेचे वजन सुमारे २६ किलो असते. उणे पंचवीसला ते सुमारे ९ किलोच भरते. पिस्टन तोच, फेरे तेवढेच, पण प्रत्येक फेऱ्यात हाती येणारा गॅस एक-तृतीयांश. त्यातच एसीमध्ये कॉम्प्रेसरला दाब जवळजवळ तिप्पट करायचा असतो, येथे साडेआठ पटींच्या वर करावा लागतो. त्यामुळे सिलिंडरमध्ये उरलेला गॅस परत फुगतो आणि नवा गॅस आणखी कमी येतो. सगळे धरून दीड टनाचा कॉम्प्रेसर उणे पंचवीसला टनाच्या एक-तृतीयांशाइतकीच थंडी देतो, तासाला साधारण हजार किलोकॅलरी. एवढ्यात सात किलो माल होतो. दोन कॉम्प्रेसरचे चौदा किलो. उन्हाळ्याच्या हवेत बारा-तेरा निघाले, यात नवल ते काय?

कॉम्प्रेसर जळण्याचे कारणही यातच आहे. सील्ड कॉम्प्रेसरची मोटर परत येणाऱ्या गॅसवरच थंड होते. गॅस विरळ आला की मोटर तापते, डिस्चार्ज पाइप हात लावू देत नाही, तेल करपते आणि एक दिवस वाइंडिंग जाते. विजेच्या दाबाचा दोष असेलही, पण तो नसता तरी तो कॉम्प्रेसर वाचला नसता. एसीच्या कामासाठी बनवलेले यंत्र बर्फाच्या कामाला जुंपले की हेच होणार.

कमी तापमानाचे कॉम्प्रेसर वेगळे बनतात. बाजारात त्यांना एलबीपी म्हणतात. मधल्या तापमानाचे ते एमबीपी आणि एसीच्या बाजूचे एचबीपी. खरेदी करताना 'किती टनाचा, किती हॉर्सपॉवरचा' एवढेच विचारू नये. कंपनीचा तक्ता मागावा आणि त्यात उणे पंचवीस बाष्पीभवन आणि पन्नास-पंचावन्न अंश कंडेन्सिंग या घरात काय आकडा आहे तो पाहावा. आपल्या टाकीसाठी तेथे सुमारे पाच किलोवॅट लिहिलेले असले पाहिजे. हा तक्ता विक्रेत्याकडे मिळतो. मागणाराच नसेल तर विक्रेता तो काढील कशाला?

कॉइलची बाजू

आता समजा, त्या तरुणाने पुढच्या हंगामात योग्य कॉम्प्रेसर घेतला, पण टाकीतली जुनी दोन बंडले तशीच ठेवली. काम होईल का? कॉम्प्रेसर आणि कॉइल ही तराजूची दोन पारडी आहेत. कॉइल जेवढी उष्णता पाण्यातून उचलील तेवढीच कॉम्प्रेसरला मिळते.

पाणी चांगले फिरत असेल तर तांब्याच्या पाइपाचा एक चौरस मीटर, दर अंश फरकाला, तासाला दोनशे किलोकॅलरीच्या आसपास उष्णता उचलतो असे धरावे. पाणी उणे अठरा आणि गॅस उणे पंचवीस, म्हणजे फरक सात अंशांचा. ४,३५० ला चौदाशेने भागले की तीन चौरस मीटरांहून थोडे जास्त क्षेत्र येते. पाच सुती पाइपाचा घेर पाच सेंटिमीटर, म्हणून सुमारे ६२ मीटर पाइप लागतो. पन्नास फुटांची चार बंडले! ती एकामागे एक जोडून एकच लांब नळी करू नये. गॅसचा दाब वाटेतच मरतो. चारही बंडले शेजारी-शेजारी चालवावीत आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हनंतर गॅस चौघांत सारखा वाटला जाईल असे पाहावे.

दोनच बंडले ठेवली तर कॉइलला तेवढी उष्णता उचलता येणार नाही, गॅस अधिक खाली उतरेल आणि दोघांचा समेट उणे एकोणतीसच्या आसपास होईल. तेथे कॉम्प्रेसरची ताकद घटलेली असेल. थंडी पाचव्या हिश्श्याने कमी, कॉम्प्रेसर मात्र जास्त गरम. यावर पुष्कळदा उपाय सुचवला जातो की कॉम्प्रेसर आणखी मोठा लावा. चार बंडलांवर दुप्पट कॉम्प्रेसर लावला तर वीज जवळजवळ दुप्पट जाते आणि थंडी दीडपटीच्या थोडी वर मिळते. तांब्यात वाचवलेला पैसा विजेच्या बिलातून दर महिन्याला बाहेर पडतो. तांबे एकदाच विकत घ्यावे लागते. बिल मात्र कारखाना चालू आहे तोवर येते.

मीठ, कंडेन्सर आणि गॅस

आणखी तीन गोष्टी थोडक्यात सांगतो.

खाण्याचे मीठ स्वस्त म्हणून टाकीत घातले जाते. पण खाण्याच्या मिठाचे पाणी कितीही दाट केले तरी उणे एकवीसच्या खाली द्रव राहत नाही. कॉइल उणे पंचवीसला असेल तर तिच्यावर बर्फाचे कवच चढते आणि तेच कॉइलची रजई बनते. येथे कॅल्शियम क्लोराइडच हवे. वजनाने पाव हिश्श्याहून थोडे अधिक घालावे आणि हायड्रोमीटरवर १.२४ ते १.२५ घनता ठेवावी. जीभ लावून किंवा बोट बुडवून खारटपणा तपासण्याची ही गोष्ट नाही.

कंडेन्सरला टाकीची उष्णता आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, दोन्ही बाहेर फेकायची असतात. आपल्या टाकीला तासाला तीन-साडेतीन युनिटे लागतील. म्हणजे थंडी दीड टनाची असली तरी कंडेन्सरवरचा भार सव्वादोन ते अडीच टनांचा. हवेपेक्षा कंडेन्सर दहा-बारा अंशांनी गरम राहतो. मालेगाव, जळगाव, अकोला, नागपूर येथील मे महिन्याची हवा डोळ्यांपुढे ठेवा. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीच्या शेजारी ठेवलेला कंडेन्सर काय करील? हिशेब जानेवारीचा आणि धंदा मे महिन्याचा, असे चालत नाही.

गॅसच्या बाबतीत काळ बदलला आहे. आम्ही वर आर-२२ चे आकडे दिले ते सर्वांच्या ओळखीचे म्हणून. मात्र १९८७ च्या माँट्रियल करारानुसार हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद होत आहे आणि आपल्या देशात नव्या यंत्रांच्या निर्मितीत तो वापरण्याची मुदत २०२४ च्या अखेरीस संपली. त्याच्या जागी कमी तापमानासाठी आर-४०४ए आला, पण हवेत सुटला तर वजनास वजन धरून तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या जवळजवळ चार हजार पट उष्णता धरतो. २०१६ च्या किगाली करारामुळे अशा गॅसांवरही हळूहळू मर्यादा येत आहेत. नवे यंत्र घेताना पुढची पंधरा वर्षे कोणता गॅस मिळेल हे विचारूनच घ्यावे. आणि एक कळकळीची विनंती: काही ठिकाणी जुन्या यंत्रात स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस भरला जातो. 'चालतो' असे सांगितले जाते. तो पेट घेतो हेही चालतेच! प्रोपेनवर चालणारी यंत्रे असतात, पण ती त्यासाठीच बनवलेली असतात; त्यांतील गॅसचे वजन मर्यादित आणि विजेचे भाग ठिणगी न देणारे असतात. चार पैशांसाठी कामगारांचा जीव धोक्यात घालणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

उस्तादांच्या अंदाजाचे काय?

आमचे हे म्हणणे काही जुन्या उस्तादांना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. ते म्हणतील, आम्ही कागद न पाहता हजारो एसी बसवले, एकाचीही तक्रार आली नाही. हे खरे आहे आणि त्यांच्या हाताची किंमत आम्ही कमी करीत नाही. ब्रेझिंगचा सांधा, व्हॅक्यूमची चिकाटी, आवाजावरून दोष ओळखणे हे कागद शिकवत नाही. पण एसीचा अंदाज खरा ठरतो, कारण तेथे तापमान दरवेळी तेच असते. खोली बदलते, अंश बदलत नाहीत. कमी तापमानात शिरले की तोच अंदाज दगा देतो, आणि पहिल्या दिवशी नव्हे, ऐन हंगामात देतो.

मोजून, लिहून काम करणे ही आमच्यासाठी परकी गोष्ट नाही. अल-जझरी यांनी १२०६ साली यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात नुसती नवलाईची यंत्रे दाखवली नाहीत, तर भागांची मापे आणि जोडणीचा क्रमही दिला, म्हणजे दुसऱ्या कारागिराला ते यंत्र बनवता यावे. कारागीर असूनही त्यांनी लिहिले, म्हणून ते आठशे वर्षे टिकले. आमचे कित्येक उस्ताद मात्र जे जाणतात ते शागीर्दाला अर्धे सांगतात आणि उरलेले कबरीत घेऊन जातात.

दोष एकट्या कारागिराचा नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गिऱ्हाईक भाव विचारते, माप विचारत नाही. तीन ठिकाणी फिरून जो सर्वांत कमी सांगेल त्याला काम देते. जो मेकॅनिक चार बंडलांचा आणि योग्य कॉम्प्रेसरचा खरा भाव सांगतो तो महागडा ठरतो आणि दोन बंडलांवाला काम नेतो. खरे बोलणाऱ्याला घरी बसवणारे गिऱ्हाईकच पुढे फसवणुकीची तक्रार घेऊन येते.

काय करता येईल?

आम्ही फार मोठ्या गोष्टी सुचवत नाही. एक, कमी तापमानाच्या प्रत्येक कामाचा एक कागद असावा. त्यावर पाच ओळी पुरेत: तासाला किती किलो माल आणि किती अंशांपर्यंत, एकूण किती किलोकॅलरी, गॅस किती अंशांवर उकळेल आणि कॉम्प्रेसर त्या अंशांवर किती देतो, पाइप किती मीटर, किती फाट्यांत, कंडेन्सर किती अंश हवेसाठी धरला. खाली दोघांच्या सह्या. व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला उधारीपुरती आठवते, कामाच्या बाबतीत आठवत नाही. तंटा झालाच तर वडीलधाऱ्यांना निवाडा करायला काही हाती असेल.

दोन, या हिशेबाची वेगळी मजुरी गिऱ्हाइकाने आनंदाने द्यावी. शिंपी माप घेतो ते कापडाच्या आधी घेतो. मेकॅनिकने एक दिवस कागदावर घालवला तर तो फुकट गेला असे समजू नये.

तीन, मोहल्ल्यातील चार-पाच मेकॅनिकांनी मिळून कॉम्प्रेसरचे तक्ते, एक चांगला डिजिटल थर्मामीटर, हायड्रोमीटर आणि गॅस तोलण्याचा काटा घ्यावा. एकट्याला जड वाटणारे पाच जणांत हलके होते. एकमेकांचे गिऱ्हाईक ओढण्यात जेवढी शक्ती जाते तिच्या चौथ्या हिश्श्यात हे होईल.

चार, ज्या मुलांचा हात चालतो त्यांना शाळा सोडवून नुसते गॅरेजला बसवू नये. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. मुंबईच्या भायखळ्यातील साबू सिद्दिकसारख्या संस्थांनी समाजातील तरुणांच्या हाती तंत्रविद्या दिली, तिची चीज आपण करावी. सकाळी वर्ग आणि संध्याकाळी उस्तादाजवळ, असा मुलगा दोन्हीकडचे घेऊन बाहेर पडेल.

त्या तालुक्याच्या गावचा तरुण या वर्षी पुन्हा टाकी बांधतो आहे. आणि ती बांधतो आहे तोच मेकॅनिक. आधी दोघांनी मिळून कागद केला आणि त्याची एक प्रत आम्हाला पाठवली. तासाला तीस किलो लिहिण्याऐवजी त्यांनी पंचवीस लिहिले आहे आणि हवा पंचेचाळीस अंशांची धरली आहे. आम्हाला त्या आकड्यांपेक्षा खालच्या दोन सह्या अधिक मोलाच्या वाटल्या. जे देता येते तेवढेच बोलावे आणि जे बोललो ते पुरेपूर मोजून द्यावे. रोजी हलाल होण्याचा आणि तिच्यात बरकत येण्याचा याहून जवळचा मार्ग आम्हाला तरी माहीत नाही.